डावीकडं कलणारी गुराब

“तक्रार काय?”

हा त्यांचा नमस्कार. सकाळी ऑफिसात भेटले की गुड मॉर्निंग नाही, कशी आहेस नाही, थेट तक्रार काय. माझ्या पहिल्या दिवशी मी नवखेपणानं म्हणाले, “काही नाही काका, सगळं छान आहे.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी बायोडेटात खोटं लिहिल्याचा मलाच संशय आला. “छान सगळ्यांचंच असतं गो बाय. त्यावरनं माणूस ओळखता येत नाही. तक्रार सांग.” मग मी कबूल केलं की एसीचा झोत थेट मानेवर येतो. ते उठले, खुर्चीवर चढले, पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून झोत वळवला आणि खाली उतरून हात झटकत म्हणाले, “हां, आता ओळख झाली.”

आमचं ऑफिस दुबईत रास अल खोरला, गोदामांच्या रांगेतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बोटीनं आलेला माल भिजला, फुटला, बुरसटला की आम्हाला बोलावणं येतं. जाऊन बघायचं आणि नुकसान कुठं झालं, कशानं झालं, ते लिहून द्यायचं. काका तिथले सर्वांत जुने सर्व्हेयर. मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. लग्न केलं नाही. तीसेक वर्षं दुबईत काढली, आणि त्यातली बरीचशी इंटरनॅशनल सिटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये, दोन मल्याळी मुलांबरोबर भागीदारीत. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. त्यातली पहिली दोन वर्षं मी त्यांना विक्षिप्त समजत होते. पुढची सात वर्षंही समजत होते, पण मग लोकांना ते सांगताना मला अभिमान वाटायला लागला.

तक्रारीवर त्यांची अपार श्रद्धा. हॉटेलात जायचं तर फोनवर फक्त एक तारा दिलेले अभिप्राय वाचायचे. “पाच तारे सगळ्यांचे सारखेच असतात. व्हेरी नाईस, सुपर, मस्ट ट्राय. त्यातनं काय कळतं? एक तारा देणारा माणूस बघ कसा नेमका बोलतो.” करामा भागातल्या एका खानावळीत ते मला घेऊन गेले, कारण कुणीतरी तिथं एक तारा देऊन लिहिलं होतं की आमटी फार तिखट आणि मालक जास्त वाढून आग्रह करतो. माझ्या नवऱ्याची ओळख करून दिली तेव्हा त्याच्यासमोरच मला विचारलं, “ह्याच्याबद्दल तक्रार काय?” मी म्हटलं, घोरतो. “एवढंच?” म्हणाले. “मग घट्ट धरून ठेव.”

खिशात काचेची एक गोटी असायची. कुठंही गेले की टेबलावर, नाहीतर फरशीवर ती अलगद ठेवायची आणि कुठं घरंगळते ते बघायचं. अल बर्शाला आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चपला काढायच्या आधी गोटी काढली. दोनदा सोडून बघितली आणि गंभीरपणे जाहीर केलं, “तुमची बिल्डिंग अबूधाबीकडं कलते.” माझी मुलगी रेवा तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, “आई, इज ही ओके?” मी म्हटलं, हो गं, ते असेच आहेत.

गोटीचं कारण कळायला मला वेळ लागला. त्याआधी दुसरी एक सवय लक्षात आली होती. काका कायम शेवटी असायचे. लिफ्ट आली की दारापाशी हात आडवा धरून सगळ्यांना आत घालायचे आणि उरलेल्या फटीत स्वतः शिरायचे. जागा उरली नाही तर “यल्ला, तुम्ही व्हा पुढं,” म्हणून बाहेर थांबायचे. बसमधून उतरताना शेवटचे, ग्रुप फोटोत कडेला, गणपतीच्या जेवणात रांगेच्या शेपटाला. मला तो जुन्या वळणाचा सभ्यपणा वाटायचा. पण एका गणपतीत त्यांच्या ताटात नुसती कोशिंबीर आणि सादळलेला पापड आला, तेव्हा मी भडकले. “काका, हा सभ्यपणा नाही, हा आजार आहे. का राहता तुम्ही मागं?”

ते पापड वाकवून बघत होते. म्हणाले, “सवय आहे गो. आमचा नारळ शेवटचा.”

मग तिथंच, हॉलच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात नारळी पौर्णिमेला प्रत्येक घर खाडीच्या मुखाशी जाऊन नारळ वाहतं. कुणी आधी, कुणी नंतर, हे ठरलेलं. एके काळी पहिला नारळ काकांच्या घराचा असायचा, कारण ते घर तांडेलाचं. तांडेल म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. अडीचशे वर्षांपूर्वी ह्यांचा पूर्वज आरमारातल्या एका गुराबीवर तांडेल होता. गुराब म्हणजे तोफा चढवलेलं शिडाचं लढाऊ जहाज. एके दिवशी इंग्रजांच्या तीन जहाजांनी ती गुराब घेरली. ह्या माणसानं एकही तोफ न डागता निशाण खाली घेतलं. शत्रू त्याला गुराबीसकट मुंबईला घेऊन गेला. काही महिन्यांनी तो जिवंत परत आला, आणि अंगात होता लाल बनातीचा इंग्रजी कोट.

“गावानं काय समजायचं ते समजलं,” काका म्हणाले. “कोट घेतला, गुराब दिली. त्या वर्षापासून आमचा नारळ शेवटचा. सगळ्या गावाचा होईपर्यंत आमच्या घरानं वाळूत उभं राहायचं. मी बाबांचा हात धरून उभा राहिलेला आहे. त्यांचा हात घामानं ओला व्हायचा. आमच्या घराला गावात अजून ‘गुराब दिलेले’ म्हणतात. कोट गेला कुजून, पण त्याची दोन बटणं अक्कानं डब्यात जपून ठेवलीत.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गावच्या घरात एकटी राहणारी, ऐंशीच्या घरातली. काकांच्या आयुष्यात बाई म्हणाल तर ती एक, आणि दुसरी ती गुराब.

होय, बाईच. तिच्याबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज चढायचा, हात हलायला लागायचे. पकडल्यानंतर त्या गुराबीचं काय झालं, हे शोधणं हा त्यांचा जन्माचा उद्योग होता. जुन्या दप्तरांतले कागद आता इंटरनेटवर बघायला मिळतात, ते रात्रंदिवस उपसायचे. मोडी घरबसल्या शिकले. पण अडचण अशी की पकडलेल्या जहाजाचं नाव पहिल्या दिवशीच पुसतात. पुढं झेंडा बदलतो, शिडं बदलतात, मालक तर दर पाच-दहा वर्षांनी बदलतात. मग ओळखायचं कसं?

“तक्रारीवरनं!” काका टेबलावर थाप मारायचे. “मालक तिला नाव नवं देईल गो, पण तिच्यावर वैतागणार जुन्याच कारणावरनं!”

ती गुराब डावीकडं कलायची. माल भरा, रिकामी करा, वजन हलवा, काहीही करा, ती बाई डाव्या अंगावर. मुंबईत लिलावात एका इंग्रज व्यापाऱ्यानं ती घेतली, तोफा उतरवल्या, ‘शार्लट’ नाव दिलं आणि कापूस भरला. त्याच्या कप्तानाची तक्रार अशी की सुकाणू सतत उजवीकडं दाबून धरावं लागतं, एका माणसाला झेपत नाही, दोन द्या. पुढं ती घोड्यांच्या सौदागराकडं गेली, नाव ‘सिकंदर’. बसऱ्याहून घोडे आणायची. त्याची तक्रार, डाव्या बाजूला बांधलेल्या घोड्यांचे पाय सुजतात, म्हणून अर्ध्या वाटेत सगळे घोडे फिरवून बांधावे लागतात. शेवटी ती आली ह्याच किनाऱ्यावरच्या एका खजुराच्या व्यापाऱ्याकडं, नाव ‘मबरूका’. तिथली तक्रार काकांची सर्वांत लाडकी होती. खजुराच्या पोत्यांतून पाझरलेला पाक सगळा डावीकडं साचतो आणि त्या बाजूला झोपणाऱ्या खलाशांना मुंग्या चावतात.

“मुंग्या!” काका डोळे पुसत हसायचे. “तीन नावं, तीन मालक, आणि कुणाला कळत नाही की आपण एकाच बाईबद्दल बोलतोय!”

रेवानं एकदा हे सगळं ऐकून विचारलं, “सो बेसिकली, अंकल, यू आर स्टॉकिंग अ शिप?” काका म्हणाले, “येस.” आणि दुसरी पोळी घेतली, अर्थात आम्हा सगळ्यांचं झाल्यावर.

ह्या सगळ्या कलण्यातून त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती. गुराब जन्मापासून कलती असेल, तर त्या दिवशी डाव्या बाजूच्या तोफा पाण्याला टेकत असणार. वळवायची म्हटली तर वळत नसणार. मग तीन जहाजांच्या वेढ्यात तांडेल करणार काय? लढणं शक्यच नव्हतं, म्हणून निशाण उतरवलं. दोष गुराबीचा, माणसाचा नाही. हे कागद गावच्या देवळात बैठकीपुढं ठेवायचे आणि नारळ मागून घ्यायचा. साखळीतला एकच दुवा कमी होता. पकडली जाण्याच्या आधीही गुराब कलत होती, असं सांगणारं आपल्याच आरमाराचं एखादं पत्र. पुण्यातले एक स्नेही त्यांच्यासाठी मोडी दप्तरं चाळत होते.

गेल्या वर्षी मॅनेजरनं त्यांना बोलावून सांगितलं की वय झालं, व्हिसा आता पुढं वाढणार नाही, मे महिन्यात निघा. काका खुशीत बाहेर आले. “बरं झालं! नारळी पौर्णिमेला गावात पोचतो. तेवढं एक पत्र मिळू दे. इन्शाल्ला!”

पत्र एप्रिलमध्ये मिळालं. त्या दिवशी काका ऑफिसात आले आणि मला म्हणाले, “गुड मॉर्निंग.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांनी फोन माझ्यापुढं ठेवला. मला मोडी येत नाही, म्हणून त्यांनीच सपाट आवाजात वाचून दाखवलं. पकडली जाण्याच्या दीड महिना आधीचं पत्र. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यानं कळवलं होतं की गुराब तपासून पाहिली, पाण्यावर सरळ चालते, सुकाणाला हलकी आहे, कसूर काही नाही.

“सरळ चालत होती,” काका म्हणाले. “तोफा वर होत्या. वळत होती. आणि त्यानं निशाण उतरवलं. गाव खरंच बोलत होतं.”

मी मूर्खासारखं बोलले. “काका, हे पत्र तुम्ही आणि ते पुण्याचे स्नेही सोडून कुणी बघितलंय? राहू दे ना बाजूला.”

त्यांना माझ्यावर रागावलेलं मी त्या नऊ वर्षांत तेवढंच बघितलं. “तीस वर्षं लोकांचे रिपोर्ट तपासले मी. एक ओळ कुणी लपवली तर सही केली नाही. आता माझ्या आज्याला सोडवायला कागद लपवू?” मग आवाज खाली आला. “खलास. दिली ती दिली.” दिवसभर ते मालाच्या याद्या तपासत बसले. खिशातली गोटी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली होती. मला रडूच यायला लागलं.

दोन दिवसांनी मी एका गोदामात भिजलेल्या तांदळाचा रिपोर्ट लिहीत होते. निघतानाच्या बंदरावरचा सर्व्हे स्वच्छ, इथं पोती ओली. हाताच्या सवयीनं मी पहिला प्रश्न टाइप केला, तोच, जो काकांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवला होता: निघताना माल चांगला, पोचताना बिघडलेला, तर मधल्या काळात तो कुणाच्या हातात होता?

मी तिथंच ताडकन उठले. पोत्यांवर बसलेला बंगाली हमाल दचकून म्हणाला, “क्या हुआ मॅडम, चूहा?”

गुराब पकडायच्या आधी सरळ. मुंबईत लिलावानंतर कलती. अहो, मग मधल्या काळात ती कुणाच्या हातात होती? हा प्रश्न ह्या माणसानं हजार वेळा दुसऱ्यांना विचारला, आणि स्वतःच्या घरावर आल्यावर एकदाही नाही!

शनिवारी सकाळी नवऱ्याला नाश्ता स्वतःचा स्वतः करायला सांगून मी गाडी काढली आणि इंटरनॅशनल सिटीत पोचले. काका बॉक्स बांधत होते. खोलीत भिंतभर फायली, प्रत्येकीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात: सुकाणू, घोडे, मुंग्या. मी दारातूनच प्रश्न फेकला. ते हातातली दोरी तशीच धरून उभे राहिले.

“मधल्या प्रवासातली तक्रार एकही नाही,” सावकाश म्हणाले. “ती मी शोधली होती.”

“तक्रार नसेल. दुसरं काही?”

“दुसरं काय असणार? कप्तानाचं एक पत्र आहे, पण ती स्तुती आहे. मी वाचली नाही पुरती.”

“कुठाय?”

त्यांनी पायानं दाखवलं. खोलीची फरशी उतरती होती, हे गोटीनं कधीच सिद्ध झालं होतं, आणि पलंग सरळ राहावा म्हणून एका पायाखाली निळी फाइल सारलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं: स्तुती, निरुपयोगी.

मी पलंग उचलून धरला आणि काकांनी फाइल ओढली. धूळ झाडून मी ते इंग्रजी पत्र मोठ्यानं वाचायला लागले. गुराब ताब्यात घेऊन मुंबईला नेणाऱ्या कप्तानानं आपल्या वरिष्ठांना लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी वादळात गुराबीची मोठी डोलकाठी मोडली. एका निवाऱ्याच्या खाडीत शिरावं लागलं. त्यांच्यापाशी सुतार नव्हता. कैदेतल्या तांडेलानं आपणहून पुढं येऊन, आपली दोन माणसं घेऊन, नवी डोलकाठी उभी करून दिली. बुडाशी पाचर ठोकून, वर फळ्या मारून सगळं असं पक्कं केलं की इतकं सुबक काम कप्तानानं पाहिलं नव्हतं. म्हणून खूश होऊन त्यानं स्वतःचा लाल कोट त्याला बक्षीस दिला होता, आणि ह्या गुणी माणसाला सोडून द्यावं अशी शिफारस केली होती.

काकांनी चष्मा काढून पुसला.

“पुन्हा वाच,” काका म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. ह्या वेळी डोलकाठीपाशी पोचले तेव्हा ते बोटं मोजायला लागले. “तिसऱ्या दिवशी वादळ. मग खाडी. मग मुंबई. आणि मुंबईतनं निघताना पहिली तक्रार, सुकाणूची...” ते थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला. “बाय गो! ती कलती त्यानं केली! त्यानं स्वतः केली!”

आणि साठी ओलांडलेला तो माणूस त्या बॉक्सांच्या पसाऱ्यात उड्या मारायला लागला. मल्याळी मुलांपैकी एक टूथब्रश तोंडात घेऊन धावत आला, “दादा, क्या हुआ?” काकांनी त्याला मिठी मारली. मीही नाचत होते, खोटं कशाला बोलू.

पण सर्व्हेयर तो सर्व्हेयरच. पाच मिनिटांत ते खाली बसले आणि स्वतःच म्हणाले, “हा अंदाज झाला. डोलकाठी चुकीची बसवून जहाज कलतं का? आणि कुणाला कळल्याशिवाय राहतं का? जाणकाराला विचारलं पाहिजे. यल्ला, गाडी काढ.”

अजमानला अजून लाकडी जहाजं बांधतात. तिथं काकांच्या ओळखीचे एक म्हातारे कच्छी मिस्त्री होते, आयुष्य त्याच कामात गेलेलं. एका अर्धवट जहाजाच्या सावलीत बसून ते चहा पीत होते. काकांनी धापा टाकत प्रश्न विचारला. मिस्त्रींनी चहा संपवला, मग जमिनीकडं बोट केलं.

“नीचे, जहाँ मस्तूल का पाँव बैठता है, वहाँ चार उंगल खिसका दो. पच्चर ठोको, ऊपर से तख्ता मारो. बस. फिर ज़िंदगीभर लोग सुकान को गाली देंगे, पाल को गाली देंगे, माल भरनेवाले को गाली देंगे. नीचे कौन देखेगा?”

मस्तूल म्हणजे डोलकाठी, एवढं मला कळलं. मी म्हटलं, “पण चाचा, मस्तूल टेढ़ा तो दिखेगा ना?”

“बेटी, जहाज झुका है तो मस्तूल भी झुका ही दिखेगा. कौन किसको झुका रहा है, ये बाहर से कौन बताएगा?”

शेवटचा प्रश्न काकांनी फार हळू विचारला. “गलती से हो सकता है, ऐसा?”

मिस्त्री जवळजवळ दुखावले. “अनाड़ी से हो सकता है. जिसका काम देखकर कप्तान अपना कोट उतारकर दे दे, उससे गलती से नहीं होता.”

काका एका ओंडक्यावर बसले आणि तिथूनच गावाला फोन लावला. स्पीकरवर. अक्कानं उचलल्याउचलल्या विचारलं, जेवलंस काय.

“अक्का, आयक,” काका ओरडले. “आपण गुराब दिली, ता खरा. पण बिघडवन दिली गो! बिघडवन दिली!”

मग अक्का म्हणाली, “आणि कोट?”

“कोट डोलकाठीचो! त्याच कामाचो कोट!”

“मगे तो गावात बोललो कित्या नाय?”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचलाच नव्हता. उत्तर काकांना बोलता बोलता सापडलं. “तो बोललो आसतो तर बातमी मुंबईक गेली आसती. त्यांनी पाचर काढून दुरुस्त केली आसती. म्हणान गप ऱ्हवलो. नारळ शेवटचो घेतलो नि गप ऱ्हवलो.”

त्या माणसानं मरेपर्यंत दर वर्षी वाळूत उभं राहून सगळ्या गावाचे नारळ आधी जाऊ दिले होते. आणि तिकडं शत्रूच्या कप्तानाचं सुकाणू एका माणसाला आवरत नव्हतं. निशाण का उतरवलं ते कुठल्याच कागदात नाही. काका म्हणतात, माणसं वाचवायला. पण गावासाठी तयार केलेल्या रिपोर्टात त्यांनी ते लिहिलं नाही.

अक्का एवढंच म्हणाली, “बाबा आज व्हये होते.” मग दोघंही रडायला लागली, आणि कच्छी मिस्त्रींनी कुणालातरी आणखी चहा आणायला पिटाळलं.

नारळाचं काय झालं ते सांगून टाकते. गावच्या देवळात बैठक बसली. काकांनी सगळे कागद वाचून दाखवले, सरळ चालते म्हणणारं पत्रसुद्धा, ते तर सर्वांत आधी. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं की पाचर कुणी बघितली आहे का. काका म्हणाले, “नाही. तेवढा भाग अंदाज आहे, आणि मी तसं लिहिलंय.” दोन दिवस वाद झाला. पहिल्या चार घरांनी हलायला साफ नकार दिला, म्हणून ह्यांना पाचवा नारळ मिळाला. अक्कानं पदरात ती दोन बटणं बांधून नारळाला हात लावला. शेवटचा नारळ सरपंचांनी आपणहून घेतला, निवडणूक जवळ होती. हे सगळं सांगायला काकांनी फोन केला तेव्हा मी आधी विचारलं, “मग, तक्रार काय?”

“आहे ना!” ते गरजले. “पाचवा म्हणजे काय? पुढल्या वर्षी बघतो एकेकाला!”

पण मला ते आठवतात ते मेमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवशीचे. केक कापून झाला, मॅनेजर बोलले, आणि आम्ही सहाजण त्यांना खाली टॅक्सीपर्यंत सोडायला निघालो. त्यांची बॅग मी घेतली. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि आम्ही सगळे नेहमीसारखे थांबलो. त्यांचा आडवा हात येईल आणि मग आम्ही आत जाऊ, ही इतक्या वर्षांची सवय. हात आला नाही. काका आमच्यामधून वाट काढत सरळ आत शिरले, सगळ्यांच्या आधी, आणि मधोमध उभे राहून आमच्याकडं तोंड करून वळले. आम्ही नुसते बघत राहिलो, आणि दार मिटायला लागलं.

“यल्ला!” ते आतून ओरडले, हसू आवरत नव्हतं त्यांना. “या की मागनं!”

दार बंद झालं, लिफ्ट खाली गेली, आणि त्यांची बॅग माझ्या हातातच राहिली.